ताटात ठेवलेला घास

माझ्या बायकोला क्षय झाला तो माझ्यामुळे. मला तो आधी झाला होता, मला ते माहीत होतं, आणि मी घरात सांगितलं नाही. पुढे ती आजारी पडली तेव्हा हा रोग तिच्या माहेरातून आला असं सगळे म्हणू लागले. तेही मी म्हणू दिलं. पहिली चूक भीतीने झाली असं म्हणता येईल. दुसरीला तेवढंही नाव देता येत नाही.

गोदावरी, माझी बायको, आज बरी आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. पण दवाखान्याच्या ओसरीवर मी माझ्यासारखे कितीतरी पुरुष पाहिले. एक्स-रेची फिल्म धोतराच्या पदरात गुंडाळून, घरी काय सांगायचं ह्याचा विचार करत बसलेले. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

राजूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. थोडी शेती आहे, पण कापसाच्या हंगामात मी जालन्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, माल तोलून घ्यायचं काम करायचो. आठवडाभर तिथेच राहायचो आणि शनिवारी मोटारीने राजूरला उतरून पायी घरी यायचो. जीनमध्ये रुईची बारीक धूळ दिवसभर उडत असते. तिथे खोकत नाही असा माणूस सापडायचा नाही. म्हणून माझा खोकला दोन महिने राहिला तरी कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायला लागलं, धोतर कमरेवर ठरेना, तेव्हा एका सोबत्याने मला ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या अंगाला हा ढग दिसतो ना? टीबी आहे."

टीबी म्हणजे क्षय. आमच्याकडे त्याचं नाव तोंडाने घेत नसत. "ते मोठं दुखणं" म्हणत. ज्याच्या घरी ते आलं त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नसे.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "आता औषध आहे. पण घरी सांगा. खोकताना तोंडावर फडकं धरा. झोपायला वेगळे, ओसरीवर झोपा, वारा लागू द्या. थुंकी राखेच्या डब्यात, आणि ती जाळायची. ताट-पेला वेगळा ठेवा. आणि बाईंना एकदा घेऊन या, त्यांनाही तपासतो."

प्रत्येक वाक्याला मी होय म्हणत गेलो.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे नवरा जेवून उठला की बायको त्याच ताटात जेवते. उठताना मी ताटात एक घास ठेवायचो. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठेवत आलो होतो. कधी पोळीचा तुपातला मधला तुकडा, कधी भाकरीवर लोण्याचा गोळा, काहीच नसलं तर गुळाचा खडा. आमच्या घरात नवऱ्याने बायकोशी चारचौघांत मायेने बोलायची पद्धत नव्हती. मायसमोर तर मुळीच नाही. तो घास म्हणजेच आमचं बोलणं होतं.

त्या शनिवारी मी ताटातलं सगळं खाल्लं. वरणाचा थेंबसुद्धा भाकरीने पुसून घेतला. ताट घासून दुसऱ्यात जेव, असं सांगायचं मनात होतं. गोदावरी ताट घ्यायला आली आणि तशीच उभी राहिली.

"आज घास न्हाई ठेवला?"

"भूक लागल्ती."

"शेठ उपाशी ठेवून राह्यला काय तुमाला?" असं म्हणून ती हसली. मग आवाज खाली करून म्हणाली, "का माझं काही चुकलं?"

तेव्हा सांगायचं होतं. माय चुलीपाशी होती, सुमन, आमची मुलगी, अंगणात होती, आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "काही न्हाई." रविवारी सकाळी मी पुन्हा ताट पुसलं. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा सुमनच्या हाती पाठवला. रविवारी संध्याकाळी मी घास ठेवला. तिचा चेहरा लगेच उजळला. तो उजळलेला चेहरा बघून मला बरं वाटलं, हे लिहिताना आज हात थांबतो.

कारणं माझ्याजवळ तयार होती. सुमनची सोयरीक भोकरदनच्या घरात जुळत आली होती, फक्त साखरपुडा राहिला होता. मोठ्या दुखण्याचं नाव निघतं तर ती मंडळी परत फिरली असती. जीनमध्ये कळतं तर दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं. एकदा लग्न होऊ दे, मग सांगतो, असं मी ठरवलं.

जालन्यात राहत असल्यामुळे औषध घेणं सोपं गेलं. स्ट्रेप्टोमायसीनची सुई टोचत. मातीतल्या एका जीवापासून ते औषध काढतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी मी "ताकदीची सुई" असं सांगितलं. दोन-तीन महिन्यांत खोकला कमी झाला, अंगावर मांस आलं. माय शेजारणींना सांगायची, "जालन्याचं पाणी मानवलं शंकरला."

तो हिवाळा कडाक्याचा होता. माय आणि सुमन चुलीच्या खोलीत झोपत. मी घरी असलो की आम्ही दोघं आतल्या खोलीत, दार-खिडकी लावून. ओसरीवर झोपतो म्हणालो असतो तर का, असं विचारलं असतं.

वैशाखात सुमनचं लग्न झालं. आता सांगायला हरकत नव्हती. पण आता सांगायचं तर आधी का सांगितलं नाही, हे सांगावं लागणार होतं. लपवलेली गोष्ट रोज थोडी जड होत जाते.

पोळ्याच्या सुमाराला गोदावरीला संध्याकाळचा ताप येऊ लागला. बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत घसरायच्या. मला तो ताप ओळखीचा होता. तरी मी काढे आणून दिले. नवरात्रात देवीची परडी पुसता पुसता तिला खोकल्याची उबळ आली आणि पदरावर रक्त पडलं.

माय दारातून बघत होती. ती म्हणाली, "हिच्या मायलाबी असंच झाल्तं. खोकून खोकून गेली. आष्टीवाल्यांनी दडवून पोरगी दिली आपल्याला."

आष्टी हे गोदावरीचं माहेर. तिची आई, सगुणाबाई, बारा वर्षांपूर्वी धाप लागून गेली होती. गोदावरीने माझ्याकडे पाहिलं. मी "मोटार चुकंल, जल्दी चला," म्हणालो आणि बैल जोडायला गेलो.

दवाखान्यात तिला एक्स-रेला आत नेलं. डॉक्टर मला ओळखत होते.

"घरी सांगितलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग बाईंना तपासायला का नाही आणलं?"

तेव्हा मी ताटाचं सांगितलं, घासाचं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ताटातून तो फारसा येत नाही. हिवाळाभर बंद खोलीत तुम्ही त्यांच्याशेजारी खोकत झोपलात, त्यातून येतो. पण ताट वेगळं केलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. खरं ना?"

तिच्या दोन्ही फुफ्फुसांवर डाग होते. थुंकी, म्हणजे स्प्युटम, तपासली, त्यातही जंतू निघाले. तिला भरती करून घेतलं.

त्या पहिल्या दिवशीच सिस्टरबाईंनी तिला सगळं समजावलं. मी फळं घेऊन गेलो तेव्हा ती खाटेवर भिंतीकडे सरकून बसली होती.

"तिकडं बसा. त्या खिडकीपाशी," ती म्हणाली. "माझ्या गिलासाला हात लावू नका. हा माझा न्यारा. सिस्टरबाईनं सांगितलं, हे खोकल्यातनं दुसऱ्याला लागतं. तुमाला काही झालं तर मी कुठं तोंड दावू?"

मला जे वर्षभरात जमलं नव्हतं ते तिने एका दिवसात केलं. मी खिडकीपाशी जाऊन बसलो.

चार दिवसांनी तिचा भाऊ रंगनाथ आष्टीहून आला. मायने निरोप धाडला होता की तुमचं माणूस तुमच्या घरी न्या. रंगनाथ माझ्याहून लहान, आडदांड शेतकरी गडी. ओसरीवर त्याने फेटा काढून हातात घेतला आणि माझ्यासमोर हात जोडले.

"दाजी, माफी करा. आमच्या मायचं दुखणं दमा हाय असंच वैदू म्हणायचा. आमाला ठाऊक असतं तर तुमाला फसवलं नसतं. आमच्या घरातनं आलं हे तुमच्या घरात."

मी त्याचे जोडलेले हात पाहिले. "जाऊ द्या," मी म्हणालो. ज्याची माफी मी मागायला हवी होती त्याला मी माफ केलं.

दवाखान्याचे दिवस एकसारखे असतात. सकाळी सुई. मग पी.ए.एस. नावाची पूड. ती मूठभर घ्यावी लागे आणि इतकी कडू की गोदावरी तिला "सासूची पूड" म्हणायची. आय.एन.एच.च्या गोळ्या तेव्हा नव्याच आल्या होत्या. सुईने तिच्या कानात भुणभुण व्हायची. दर महिन्याला थुंकी तपासायची आणि कागद येईपर्यंत ओसरीवर बसून राहायचं. सर्वांत कठीण काम ते बसून राहण्याचं. पहिल्या महिन्याचा कागद वाईट आला, दुसऱ्याचाही.

रंगनाथ दर आठवड्याला आष्टीहून येई. तूप, शेंगदाण्याचे लाडू, एकदा तर फडक्यात बांधून जिवंत कोंबडी घेऊन आला. सिस्टरबाईंनी कोंबडीसकट त्याला बाहेर काढलं. गोदावरी खूप दिवसांनी पोट धरून हसली. तो बहिणीपाशी तासन्‌तास बसायचा आणि शेतातल्या गोष्टी सांगायचा. मला मात्र तो दरवेळी "दाजी, खर्च मी करतो, तुमी बोलू नका" असं म्हणायचा. अपराध्यासारखा.

गोदावरीचा राजूरच्या गणपतीवर भरवसा होता. चतुर्थीला ती लहानपणापासून उपवास करायची. डॉक्टरांनी बजावलं, "उपवास बिलकुल नाही." मला वाटलं ती ऐकणार नाही. तिने दुपारची दोन्ही अंडी खाल्ली आणि राजूरच्या दिशेला हात जोडले.

"देवाला चालंल का?" मी खिडकीपाशी बसून विचारलं.

"त्याचंच पोट एवढं मोठं. तो काय मला उपाशी ठेवील?"

मग तिने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. आवाज बसलेला असला तरी मला ऐकू आलं. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. ह्यांना लागू देऊ नको."

मी बाहेर आलो आणि नळाखाली तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

तिसऱ्या महिन्याचा कागद चांगला आला. जंतू नाहीत. पुढच्या महिन्यातही तसंच निघालं तर घरी जाता येईल, बाकीचं औषध वर्षभर घरी घ्यायचं, असं डॉक्टर म्हणाले. मी आनंदाने गावी गेलो. माय म्हणाली, "चांगलं झालं. पण तिला इथं आणू नको. आष्टीलाच राहू दे. ज्यांचं दुखणं त्यांनी निस्तरावं. सुमन उद्या बाळंतपणाला आली तर?" आणि म्हणाली की मी स्वतः येते दवाखान्यात, रंगनाथशी बोलते.

म्हणजे आता प्रश्न एवढाच होता. गोदावरी बरी होऊन कुठे जाणार, स्वतःच्या घरी की रोगट माहेराची म्हणून भावाच्या दारात. त्याचं उत्तर फक्त माझ्याजवळ होतं.

परत निघताना मी राजूरच्या देवळात गेलो. नवस बोलायचा होता. तिला घरी येऊ दे, मी अमुक करीन. हात जोडून उभा राहिलो, पण शब्द सुचेनात. जे मला स्वतःच्या तोंडाने करता येत होतं ते मी देवाने करावं म्हणत होतो, हे उभ्या उभ्या लक्षात आलं. मागची बाई म्हणाली, "भाऊ, पुढं सरका, बाकीच्यांनाबी दर्शन हाय." मी पुढे सरकलो. मागणं मागितलंच नाही. फक्त, बोलायला लागलो की तोंड मिटू देऊ नको, एवढं म्हणालो. श्रद्धेने बळ मिळतं असं लोक म्हणतात. मला मिळालं ते एवढंच, आणि ते पुरलं.

हे वाचणाऱ्यांना दोन शब्द सांगतो. तुम्हाला हे दुखणं निघालं तर त्याच दिवशी घरी सांगा. सोयरीक मोडेल, काम जाईल, शेजारी तोंड फिरवतील. हे सगळं सोसता येतं. घरातलं माणूस तुमच्या शेजारी बसेल की नाही, ह्याची भीती वाटते. ते बसतं. जागा थोडी बदलून बसतं, एवढंच. आणि औषध मधेच सोडू नका, बरं वाटलं तरी.

देवळातून परत आलो त्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या अंगणात, लिंबाखाली, उन्हात गोदावरीला बसवलं होतं. तिच्या अंगावर शाल होती. रंगनाथ पायरीवर, माझ्याबरोबर आलेली माय जरा लांब, पदर नाकाला लावून. मायने सुरुवात केली, "रंगनाथ, तू समजदार हायस..."

"माय, थांब," मी म्हणालो. "हे दुखणं आष्टीचं नव्हं. माझं हाय."

कुणालाच कळलं नाही. मी फिल्मचं सांगितलं, ताकदीच्या सुईचं सांगितलं, हिवाळ्याचं सांगितलं. डॉक्टरांनी काय काय बजावलं होतं तेही. बोलताना मी जमिनीकडे पाहत होतो.

"येडं झालं काय हे," माय म्हणाली. "काळजीनं बडबडून राह्यलं. गप रे शंकर."

"डॉक्टरला विचार जा. आतच हायेत."

माय उठली नाही. तिचा पदर नाकावरून खाली आला होता.

रंगनाथ उभा राहिला. तो मारील असं मला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो दोन पावलं गेला, परत आला. "दाजी, मी तुमच्यापुढं हात जोडले होते. फेटा काढला होता. तवा तुमी 'जाऊ द्या' म्हणाले."

"म्हणालो."

"कसं म्हणवलं तुमाला?"

मी त्याच्या पायांकडे वाकलो. तो मागे सरकला. जावयाने पाय धरणं आमच्यात कुणी पाहिलेलं नाही. "माझ्या न्हाई," तो म्हणाला आणि बहिणीकडे बोट केलं.

गोदावरी माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. मी तिच्यासमोर मातीत बसलो. "गोदावरी, मी तुझा..." एवढं म्हणालो तोच तिने हात वर केला.

"माझं मागून बघू. मी जिती हाय, मला रोज भेटाल तुमी. माझ्याशी भांडाल, बोलाल. माझी माय मेली. तीन महिने तिचं नाव घेऊन बोलून राह्यले सगळे, आन् मीबी तिलाच बोल लावला मनात. तिला काही सांगता येत न्हाई. आधी तिचं नाव घ्या."

सासू-सासऱ्यांचं नाव तोंडाने घ्यायची आमच्यात रीत नाही. मी मायकडे पाहिलं. मग आष्टी कोणत्या दिशेला हे रंगनाथला विचारलं. त्याने हात करून दाखवलं. मी तिकडे तोंड केलं, टोपी काढली, हात जोडले.

"सगुणाबाई, तुमच्या लेकीला हे दुखणं तुमच्याकडून आलं न्हाई. माझ्याकडून आलं. मला बराबर ठाऊक होतं आणि मी तुमच्यावर येऊ दिलं. तुमचं घर चांगलं होतं. मी चुकलो. मला माफ करा."